आधी मासा काढला

त्या दिवशी मामा सकाळीच मामीवर ओरडून गेला. डबीचं झाकण सापडत नव्हतं म्हणून. घर डोक्यावर घेतलं आणि झाकण निघालं त्याच्याच खिशातून. तर म्हणाला, "तूच घातलंस."

मामी म्हणाली, "हो, मीच घातलं. आता चालते व्हा."

बत्तीस वर्षांच्या संसारातलं हे शेवटचं बोलणं. मामी नंतर कितीदा तरी म्हणाली, दुसरं काहीतरी बोलले असते तर काय बिघडलं असतं माझं.

डबी गांडुळांची होती. मामा नदीवर फक्त थंडीत जायचा. उन्हाळ्यात गळ घेऊन बसलेले लोक दिसले की नाक मुरडायचा. "पाणी कोमट झालं की मासा भुकेनं वेडा होतो, तेव्हा कुणीही धरेल. थंडीत डोहाच्या तळाला गप्प पडलेल्याला तोंड उघडायला लावा, मग बोला." लाकडाच्या वखारीत करवतींना धार लावायचं काम केलं त्यानं, तीस वर्षं. त्या आवाजानं कान अर्धे गेले, आणि जीभही करवतीसारखीच झाली. सरळ बोललेला आम्हा भाचरांना आठवत नाही. पण करवत त्याच्या हातची असली की लाकूड लोण्यासारखं कापलं जायचं, हे वखारीतले त्याचे वैरीसुद्धा कबूल करायचे. वैरी कमी नव्हते.

गार पाण्यात मेलेलं, ताठ झालेलं गांडूळ सोडलं तर मासा त्याला विचारत नाही. म्हणून मामा ती डबी बनियनच्या आत, पोटाला लावून न्यायचा. मामीनं त्याच्या सगळ्या बनियनना आतून खिसा शिवून दिला होता. शिवताना दर वेळी बडबडायची, "मी जवळ सरकले तर उकडतंय म्हणतात. गांडुळं चालतात."

थंडीत जमीन दगड होते, गांडुळं खोल जातात, कुठं मिळत नाहीत. मामाकडं मात्र असायची. न्हाणीघरामागं त्यानं पाल्यापाचोळ्याचा ढीग केला होता, वर गोणपाट टाकून ऊब धरलेली. त्यामुळं त्याच्या साडूलाही गांडुळांसाठी त्याच्याच दारात यावं लागायचं. साडू म्हणजे मामीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मामानं त्याचं नाव ठेवलं होतं खोकल्या.

हे दोघं वीस वर्षं एकाच डोहावर बसले. दोन वर्षांमागं मामाच्या गळाला मोठी वाम, सापासारखा लांब मासा, लागत होती, काठी वाकायला लागली होती, आणि नेमका साडू खोकला. वाम गेली. मामानं काठी खाली ठेवली आणि म्हणाला, "आजपासून तू वळणापलीकडं. माझ्याकडं फिरकलास तर पाण्यात ढकलीन." तेव्हापासून बोलणं बंद. साडू शंभर पावलांवर, नदी वळते तिथं बसायचा. तिथून मामाची पाठ आणि काठीचं टोक, एवढंच दिसायचं. पण गांडुळं मामानं बंद केली नाहीत. सकाळी निघताना ओल्या कागदात गुंडाळून कुंपणाच्या भिंतीवर ठेवायचा. मोजून सात. आठवं कधी नाही.

तर त्या दिवशीही दोघं असेच बसलेले. थंडीतल्या मासेमारीत हलायचं नसतं. काठावर पाऊल वाजलं तरी तळातला मासा सरकतो. त्यामुळं मामा दगडासारखा बसलाय यात साडूला काहीच वावगं वाटलं नाही. दुपार टळली तेव्हा त्याला मामाच्या काठीचं टोक पाण्याकडं वाकताना दिसलं. दमवतोय माशाला, असं त्याला वाटलं. मग काठी दगडावरून घसरायला लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं हाक मारली, "अरे, ओढ की!"

मामा हलला नाही.

डॉक्टर नंतर म्हणाले, साडू पोचला त्याच्या दोन तास तरी आधीच गेलेत, बसल्या जागी, काही कळलंही नसेल.

संध्याकाळी मामाला टेम्पोतून घरी आणलं. मागं साडू उतरला. एका हातात मामाची काठी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत वाम, हातभर लांब, अजून वळवळत होती. मामीनं आधी मामाकडं बघितलं, मग पिशवीकडं.

"ही कशी काय?"

"लागली होती. मी पळत गेलो, बघतो तर हा असा. मग ती... निघालीच आपोआप."

मामीनं साडूचा हात धरून उलटा केला. तळव्यावर दोन ताजे चरे, गळाच्या दोरीनं कापलेले. तीस वर्षं मासे साफ केलेली बाई ती. एवढी वाम आपोआप निघत नाही हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं वाम शेपटाकडून धरून बाहेर काढली आणि साडूच्या छातीवर फेकून मारली. "व्हा बाहेर!"

मामाचे कपडे काढताना डबी निघाली. त्याचा एक हात बनियनमध्ये तिच्यावरच होता. आत गांडुळं जिवंत होती. मामीनं ती नेऊन ढिगात सोडली आणि मग रडली.

पुढं दोन आठवडे सगळे तिला समजावत होते. तिची बहीण म्हणाली, "अगं, दोन तासांपूर्वीच गेले होते ते. यांनी आधी बघितलं असतं तरी काय झालं असतं?"

मामी म्हणाली, "गेलेत हे त्याला माहीत होतं का?"

बहीण उठून चपला शोधायला लागली.

"मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. तोपर्यंत या घरात त्याला पाणी नाही."

मग एका सकाळी साडू आला. आत नाही, भिंतीशी. जिथं कागद ठेवलेला असायचा तिथं हात ठेवून उभा. खोकला दाबत होता, डोळ्यांत पाणी आलेलं. मामी कोंबड्यांना दाणे टाकत होती. बराच वेळ तिनं बघितलंच नाही.

"काय पाहिजे भावोजी?"

"काही नाही."

"गांडुळं पाहिजेत."

पाहिजे होतीच. नाहीतर भिंतीशी कशाला आला असता?

"आधी सांगा. माणूस आधी बघितला की मासा आधी काढला?"

"मासा," साडू म्हणाला. "काठी धरली आणि मग सुचलंच नाही काही. चांगली दहा मिनिटं खेचली. काढली, आणि वळून त्याला म्हटलं, बघ, खोकलो का मी? तेव्हा कळलं."

"दहा मिनिटं."

"हो."

"त्यांच्या बाजूला उभं राहून."

"हो. चिकटूनच."

मामीनं दाण्यांची पाटी खाली ठेवली. न्हाणीघरामागं गेली, गोणपाट ओढून काढलं आणि फावड्यानं ढीग उलटापालटा केला. वाफ निघाली. लालभडक गांडुळं उघड्यावर पडली. कोंबड्या धावत आल्या.

"घ्या," मामी म्हणाली. "वेचा. सात मिळाली तर तुमचं नशीब."

साडू कुंपण ओलांडून आत आला. साठीचा माणूस, गुडघे टेकून कोंबड्यांच्या मधे बसला आणि वेचायला लागला. एका कोंबडीनं हाताला टोचलं. आता त्याला खोकला आवरेना. मामीनं कोंबड्या हाकलल्या नाहीत. पण त्याचं वेचून होईपर्यंत ती फावडं हातात धरून तिथंच उभी राहिली, आणि तोंडातल्या तोंडात मोजत होती.