माऊस अडकतो तेव्हा

"मी कुठलाही व्हिडिओ लावलेला नाही! फोन बघ माझा, हवा तर फोडून बघ!" सई ओरडली.

"मग माऊस काय आपोआप अडकतो? तुझं वायफाय बंद केलं तर आता आईच्या फोनवरून नेट घेत असशील," वरद म्हणाला.

"हरलास की माऊस, जिंकलास की तू. छान आहे तुझं!"

"आई, सांग हिला!"

भार्गवीने हातातला फोन ओट्यावर उलटा ठेवला. "माझा फोन माझ्याकडेच असतो," ती म्हणाली. ते खरंच होतं.

वरद कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. पाचजणांच्या टीममध्ये तो गेम खेळायचा आणि रविवारी त्यांची निवडीची मॅच होती. टीमच्या कप्तानाने परवा स्पष्ट सांगितलं होतं, ऐन वेळी पुन्हा थबकलास तर तुझ्या जागी दुसरा घेऊ. त्यामुळे वरदने सगळं करून पाहिलं. माऊसचा सेल बदलला. रिसीव्हर मागून काढून पुढे लावला. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन यूएसबीची वीज वाचवणारी सोय बंद केली. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. शेवटी मित्राचा, निकेशचा, वायरवाला माऊस आणला, तर तोही अडकला. दोन-चार मिनिटं अडकायचा, मग तासभर लोण्यासारखा. गेम खाली करून काय चाललंय ते बघेपर्यंत सगळं शांत.

म्हणजे दोष नेटचा, म्हणजे सईचा, असं वरदने ठरवलं. सई बारावीला. वडिलांनी, अनीशने, आठ दिवसांपूर्वी वायफायचा पासवर्ड बदलला तेव्हापासून ती क्लासचे व्हिडिओ बघायला साक्षीच्या घरी जात होती आणि घरात कोणाशी धड बोलत नव्हती.

"आणि तो अंगणातला कॅमेरा?" अनीशने विचारलं. "त्याचं रेकॉर्डिंग तुझ्याच कॉम्प्युटरवर होतं ना?"

"ते दिवसभर चालू असतं, बाबा. त्यानं अडकायचा असता तर दिवसभर अडकला असता. माकडांचं रेकॉर्डिंग बघतंय कोण!"

भार्गवी पिठलं ढवळत राहिली.

श्रीवर्धनात भार्गवीबद्दल कोणी वाईट बोलणार नाही. लग्न होऊन आली तेव्हा पोफळीवर चढलेल्या माणसाकडे बघूनसुद्धा तिला घेरी यायची. आता वाडीचं सगळं तीच बघते. पर्यटकांना दोन खोल्या देते, तक्रार येत नाही. आणि कामाला येणाऱ्या गोदूला घरच्या कपातून चहा. हे ती कोणाला मुद्दाम सांगत नाही, पण कोणी पाहिलं तर तिला बरं वाटतं. गोदू अंगणात सुपारी वाळत घालायची, उलटायची, वाळली की सोलायची. भार्गवीच्या दोन्ही बाळंतपणांत तिनेच पोरांना न्हाऊ घातलं होतं.

मागच्या हंगामात सुपारी वजनाला कमी भरली. पाऊस लांबला होता, फळ बारीक होतं, हे भार्गवीला कळत होतं. तरी एका लग्नात शेजारची बाई म्हणाली, "बायकांवर नजर हवी गं," आणि ते डोक्यात राहिलं. दिवाळीनंतर तिने अंगणात कॅमेरा बसवला. माकडांसाठी, असं घरात सांगितलं. गोदूलाही तेच सांगितलं.

"माकडं कॅमेऱ्याला भीत न्हायत, वैनी," गोदू हसली होती. "माज्यासारकी काठी पायजे."

गोदू कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायची. का बसते? भार्गवी भाजी चिरता चिरता फोन उघडायची. गोदू सुपारी सोलतेय. गोदू मांजराला हाकलतेय. एकदा लांब उडालेल्या दोन सुपाऱ्या गोदूने उठून उचलल्या. भार्गवीने श्वास रोखला. गोदूने त्या ढिगात टाकल्या आणि पुन्हा पाठ करून बसली. उन्हाची तिरीप समोरून येत होती, म्हणून पाठ. एवढंच. त्यानंतरही भार्गवी बघतच राहिली.

दुपारची जेवणं झाली. वरद पुन्हा कॉम्प्युटरवर बसला. भार्गवीने ओट्याशी उभं राहून फोन उघडला. वरदच्या कॉम्प्युटरवरून येणारं अंगणाचं चित्र दिसायला लागलं.

"अडकला!" आतून वरद.

तिने फोन बंद केला. थोडं थांबली. आत टकटक सुरळीत सुरू झाली. पुन्हा उघडला.

"परत! अरे काय यार!"

तिसऱ्यांदा उघडायची गरज नव्हती. तरी तिने उघडला, कारण मनात होतं, एखाद वेळी नाही अडकणार. आत टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला. मग वरद टीमच्या कप्तानाशी फोनवर बोलू लागला, एकदम हळू आवाजात. "नाही रे, होत नाहीये नीट. तू दुसरा बघ. नाही, खरंच. माझ्यामुळे हराल रविवारी."

फोनमध्ये गोदू उठून कंबर धरून उभी होती. मग ती चालू लागली, चित्राबाहेर गेली आणि मागच्या दारात येऊन टेकली.

"वैनी, च्या झाला का?"

भार्गवीने चहा ओतला. कप देताना थोडा बशीत सांडला. गोदूने तो बशीतूनच पिऊन टाकला.

नंतर सांगता आलं असतं. गोदू संध्याकाळी गेल्यावर, वरदला एकट्याला, काहीतरी जुळवून. पण तोवर त्याने जागा सोडलेली असणार. आणि सई दाराआड चपला घालत होती, साक्षीकडे जायला.

"वरद, तो फोन ठेवू नकोस. सई, थांब. अहो, तुम्हीही इकडे या." तिघं स्वयंपाकघरात आली. गोदू कप घेऊन उठायला लागली. "तूही बस, गोदू."

"काय झालं?" अनीशने विचारलं.

"माऊस माझ्यामुळे अडकतो. मी फोनवर कॅमेरा उघडते तेव्हा. कॅमेरा माकडांसाठी नव्हता, गोदूवर नजर ठेवायला होता."

गोदूने कप खाली ठेवला.

"कॅमेरा आत्ता काढायचा. सईला पासवर्ड द्या. आणि वरद, त्या मुलाला सांग, रविवारी तू खेळतोयस."