ड्रायव्हर बरोबर, तरी कम्प्युटर मुका

मंडळी, मले काहीच समजून नाही राहिलं.

सकाळपासून लिनक्सवर साउंड कार्डच्या ड्रायव्हरशी झगडून राहिलो. काढला, परत टाकला, रिस्टार्ट केला. कार्ड दिसते, गाणं चालते, आवाजच नाही!

शेवटी कम्प्युटरचा साउंड मिक्सर उघडला, तर आवाज म्यूट. अरे, मी तर केलाच नव्हता!

आई किचनमधून म्हणते, "मीच दाबलं ते बटन. बाबा नाईट ड्युटी करून आले, की सकाळी झोपतात ना."

बाबा माझ्यासमोरच चहा पिऊन राहिले होते. चरोद्याच्या रेल्वे यार्डातून रिटायर होऊन वर्ष झालं त्यांना.

बाबा हळूच म्हणाले, "राहू दे म्यूट. मले अजून सकाळीच झोप येते."

तुमच्याकडे पण असंच आहे, का आमचंच घर अजून ड्युटीवर आहे?