आबांची सतरंजी

आमच्या विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून सोनं शुद्ध करायचं. माझ्या वडिलांनी, आबांनी, उत्तरेतल्या एका शहरात हेच करत जन्म काढला. तेजाबाचा तांबूस धूर उठला की तोंडाला फडकं बांधायचं, एवढीच काय ती काळजी. गावी परतले तेव्हा छाती कामातून गेलेली होती.

डॉक्टरांनी सांगितलं, धुराच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. आईनं कंबर कसली. चूल मोडली, टायरचे तुकडे घालून पेटवायचा तो अंघोळीचा बंब अडगळीत टाकला, विजेची शेगडी आणली. गच्चीवर सोलर बसला. आबा कुरकुरायचे, ‘ह्या पाण्याला वासच न्हाई, अंगूळ केल्यागत वाटत न्हाई.’ शेजारचे काका ऊस तुटून गेला की पाचट पेटवून द्यायचे आणि काळी काजळी आमच्या घरभर उडायची. आई त्यांच्या दारात जाऊन बसली, हलेचना. शेवटी काकांनी पाचट रानातच कुजवलं. त्या हिवाळ्यात आबा उशीला टेकून न बसता आडवे होऊन झोपू लागले. मला वाटलं, जिंकलो आपण.

पण माळ्यावर आबांची दुकानातली सतरंजी होती. गलाईवाले अशी सतरंजी कधी टाकत नाहीत. वर्षानुवर्षं तिच्यात सोन्याचे बारीक कण बसतात. मग ती जाळायची आणि राखेतून सोनं काढायचं. हे काम कुणी परक्याच्या हाती देत नाही, घरच्याच्याही नाही. माझ्या लेकीचे कान टोचायचं ठरलं आणि आबांच्या मनानं घेतलं, की नातीच्या कानात आपल्या हातचं सोनं पाहिजे.

आई आणि मी बाजाराला गेलो होतो. परत आलो तर परसात धूर कोंडलेला. तेजाब प्यालेली ती सतरंजी धुमसत होती आणि राख उडू नये म्हणून आबा वाऱ्याच्या बाजूला पत्रा धरून तिच्यावर वाकून बसले होते.

‘आवं, काय केलंसा ह्ये?’ आई पिशवी टाकून धावली.

‘पोरीच्या कानाचं सोनं हाय त्यात,’ आबा म्हणाले. खोकल्यानं पुढचं त्यांना बोलता येईना.

मला त्यांचा भयंकर राग आला. अजून येतो. घरातला एकेक धूर आम्ही हुडकून बाहेर काढला आणि या माणसानं स्वतःच्या हातानं काडी लावली. सांगलीच्या दवाखान्यात त्यांनी हातानं खूण करून राखेचं विचारलं. मी ‘ठेवलीय’ म्हटलं. तिथून ते घरी आलेच नाहीत.

दिवस झाल्यावर त्यांचा दुकानातला जोडीदार भेटायला आला. आईनं राखेचा डबा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं चिमूट बोटांवर चोळून पाहिली.

‘सोनं हाय, वैनी. द्या, काढून आणतो.’

‘कसं काढतासा?’

‘भट्टीत घालायची, मग तेजाबात.’ एवढं बोलतानाही त्याला ढास लागली. आल्यापासून तो खोकतच होता.

आईनं डबा स्वतःकडं ओढून घेतला.

‘ऱ्हाऊ द्या, भावजी,’ ती म्हणाली. ‘तुमी आदी छातीचा फोटो काढून घ्या.’