दादाचा माफीचा अर्ज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, पाय अधू होऊन फौजेतून कोरेगावला परतला. संध्याकाळी सहाला हेडफोन लावून गेम खेळायला बसायचा. पलटणीतले तिघे मित्र आपापल्या गावाहून ऑनलाइन यायचे. खेळ कमी, शिव्या जास्त. आई म्हणायची, "आरं, पलीकडं देवघर हाय." दिवसभरात तो त्या खेळापुरताच हसायचा.

मी सांगलीला, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. एका दिवाळीत त्याचा गेम खेळायचा कन्सोल साफ करून आणतो म्हणून घेऊन गेलो आणि एकाकडून त्यात फेरफार करून घेतला — गेम फुकट चालावेत म्हणून. ते गेम मला हवे होते, सुट्टीत घरी आलो की खेळायला. दादाला नाही. परत आणून जोडला, आणि आठवड्याभरात पडद्यावर इंग्रजीत सूचना आली.

पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा दादा म्हणाला, "तू शिकलेला हायस, बघ काय लिवलंय."

कन्सोलमध्ये फेरफार केल्यामुळे ऑनलाइन सेवा कायमची बंद, असं लिहिलं होतं. मी वाचलं. दोनदा वाचलं. आणि म्हणालो — तुझ्या शिव्यांची तक्रार झालीय.

एक वाक्य. ते मागे घ्यायला किती वेळ लागला असता?

दादानं वाद घातला नाही. फौजी माणूस — शिक्षा म्हणजे शिक्षा. त्यानं माफीचा अर्ज तोंडी सांगितला, मी मोबाइलवर इंग्रजीत लिहिला. पाठवला नाही. उत्तरात खरं कारण आलं असतं तर? दर रविवारी फोनवर विचारायचा, "आलं का रं काय?" मग विचारेनासा झाला. मित्रांचे फोनही घेईना. तोंडामुळं बंदी आली, हे पलटणीतल्यांना कसं सांगायचं? शिव्या थांबल्या. मागोमाग बोलणंही.

तीन वर्षं अशी गेली. या उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. दहाव्याला सगळे म्हणाले, किती शांत माणूस, तोंडातून कधी वावगा शब्द नाही. मीही मान डोलावली.

त्या तिघांतला उंब्रजचा मित्र आला होता. पायरीवर बसून म्हणाला, "आमच्यावर का रुसला हुता ह्यो? आमचं काय चुकलं?"

मी म्हणालो, माहीत नाही.

अर्ज अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. चूक माझी आहे, मला खेद आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. खाली नाव दादाचं आहे.