नावाचं कडवं

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत रत्नागिरीच्या बाजारात कॅसेटची मोजकी दुकानं होती. सिनेमाची गाणी, आरत्या, कव्वाल्या तिथे मिळत. आमच्या बाजूच्या जाखडीची गाणी मिळत नसत. गौरी-गणपतीत गावोगावच्या अंगणात पायात चाळ बांधून माणसं ज्या गाण्यांवर फेर धरतात, ती ऐकायची तर त्या अंगणात जाऊन उभं राहावं लागे. गणपती गेले की ती वर्षभर बंद.

माझ्या चुलतभावाला हे मान्य नव्हतं. तो मुंबईत एका वर्कशॉपात फिटर होता. माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणत असे. आखातातून परतलेल्या एका माणसाकडून त्याने जुना टू-इन-वन, म्हणजे आवाज भरून घेता येणारा रेडिओ, घेतला आणि गणपतीच्या व शिमग्याच्या रजेत तो गावं फिरू लागला. मालगुंडच्या वाटेवरच्या एका वाडीत फक्त झांजेवर गौळण म्हणणारा म्हातारा होता, तो त्याने शोधला. वेळणेश्वरच्या बाजूला दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसत, पण गायला एकत्र बसत. त्यांची कॅसेट त्याने भरून आणली. या कॅसेटींत गाण्याबरोबर कौलांवरचा पाऊस ऐकू येई, कोंबड्या ऐकू येत, मध्येच कुणीतरी पोराला गप्प बसायला सांगे.

मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका साप्ताहिकात काम करत होतो. आधी मुद्रितं तपासली, मग बातम्या लिहू लागलो. मुंबईची गाडी धरण्याआधी दादा माझ्या खोलीवर येई आणि नवी कॅसेट लावी. कोण गातंय, कुठल्या गावचा, हे तो सांगत नसे. "आधी ऐक," एवढंच म्हणे. मध्ये विचारलं तर मशीन बंद करी. गाणं संपलं की माणसाचं आणि गावाचं नाव सांगे, आणि ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असे तो त्याच्या पगाराच्या दिवशीही मी पाहिला नाही. नाव आधी कळलं की लोक नाव ऐकतात, गाणं ऐकत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते पटत असे. आजही त्यात चूक काढता येत नाही.

त्याचे वडील, म्हणजे माझे काका, आमच्या वाडीच्या जाखडी मंडळाचे कवी होते. पावसाळ्यात भातशेती आणि उन्हाळ्यात विहिरी खणणं हे त्यांचं काम. गाणं ते फार सावकाश करत. मंडळातले लोक त्यांना त्यावरून बोलत. एवढ्या वेळात दोन विहिरींना पाणी लागलं असतं, काका, असं म्हणत. काका म्हणत, विहिरीला खालून पाणी येतं, गाण्याला मलाच आणावं लागतं.

त्या वर्षीचं गाणं विहिरीचंच होतं. सड्यावर, उघड्या खडकाळ माळावर, विहीर खणणारा माणूस कातळावर पहार मारतो आहे. पाणी लागत नाही, गाव हसतं, बायको घरी बोलावते. एका क्षणी तो दमून थांबतो आणि त्याला खाली पाणी बोलताना ऐकू येतं. पहार चालू होती तोवर ते ऐकूच येत नव्हतं. गाण्यात एवढंच होतं. काकांनी त्यावर दोन पावसाळे घालवले.

आमच्याकडे गाण्याच्या मालकीचा एक रिवाज होता. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपल्या गुरूचं, स्वतःचं आणि गावाचं नाव गुंफतो. हे नावाचं कडवं तालमीत म्हणायचं नसे. ते पहिल्यांदा म्हणायचं ते लोकांसमोर, दोन मंडळांच्या सामन्यात. ज्याने ते सभेत म्हटलं, गाणं त्याचं. तोवर गाणं तालमीच्या घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि तालमीच्या घराचं दार बंद ठेवायचं. हे सगळं तोंडी होतं आणि सगळे पाळत होते. काकांच्या गुरूंनी त्यांच्याकडून शपथ घेऊन ते पाळायला लावलं होतं.

अडचण अशी की मंडळातली अर्धी माणसं मुंबईला होती. ती गणपतीच्या आदल्या दिवशी गावात उतरत आणि तालमीला वेळ उरत नसे. म्हणून दादाने सुचवलं की तालीम कॅसेटवर भरून मुंबईला न्यावी, म्हणजे तिथली माणसं चाल पाठ करून येतील. काका पहिल्यांदा नाही म्हणाले. मग हो म्हणाले. मंडळातल्या बहुतेकांना ते सोयीचं वाटलं, आणि ऐकणारी माणसं मंडळातलीच, म्हणून त्यात वावगं काही वाटलं नाही. कॅसेट भरली तेव्हा मी हजर होतो. तिसरं कडवं झालं आणि काकांनी हात वर केला. "बस. फुडचा आता नको," असं ते म्हणाले, तेही कॅसेटवर आलं.

मुंबईत आमच्या गावची जी खोली होती तिथे पाळ्या लावून झोपणारी माणसं चार-पाच गावांची होती. दादाने आपल्या लोकांना कॅसेट ऐकवली. इतरांनीही ऐकली, कारण खोली एकच होती. त्यांतल्या काहींनी ती मागून घेतली, आणि दादाने प्रती करून दिल्या. ज्याला एखादी गोष्ट फार आवडते आणि जवळ ती एकच असते, तो माणूस हे करतो. नाव मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. नेहमी तो गाणं संपल्यावर सांगत असे, या खेपेला तेही सांगितलं नाही. गाणं सभेआधी बाहेर जाता कामा नये हे त्याला माहीत होतं. गाणं कुणाचं हे झाकून ठेवलं म्हणजे रिवाज पाळला, अशी त्याची समजूत होती.

सामना गौरी विसर्जनानंतर, शेजारच्या गावातल्या शाळेपुढच्या मांडवात झाला. दुपारची वेळ होती. आमचं मंडळ शक्तीवाल्यांचं, समोरचं तुरेवाल्यांचं. एका पक्षाने शक्तीची बाजू धरायची, दुसऱ्याने शिवाची, आणि सवाल-जवाब संपले की दोघांनी आपलं नवं पद म्हणायचं, ते कशावरही असू शकतं. समोरचा कवी तिशीतला होता, आवाजाला मोकळा. पदाची पहिली पाळी त्याच्याकडे गेली.

त्याने विहिरीचं गाणं म्हटलं.

ते त्याने चांगलं म्हटलं, हेही नोंदवायला हवं. पहार थांबण्याच्या जागी त्याने ढोलकी थांबवली, आणि मांडवात बायकांच्या बांगड्यांचा आवाज तेवढा राहिला. ही युक्ती काकांनाही सुचलेली नव्हती. मग चौथं कडवं आलं. त्यात त्याच्या गुरूचं नाव होतं, त्याचं होतं, त्याच्या गावाचं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काका उठून उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "ह्या माझा गाणा हाय."

समोरचा कवी बसल्या जागेवरून म्हणाला, "बुवा, तुमचा हाय तर तुमचा नाव कुटं ऱ्हायला? मुंबईच्या गाडीत इसरलाव काय?"

मांडव हसला. सामन्यात टोमणे मारायचेच असतात, त्यामुळे अर्ध्या लोकांना हाही खेळाचाच भाग वाटला. आमची माणसं उठली. कुणीतरी पुरावा आहे असं ओरडलं, आणि दादा कापडी पिशवीतून टू-इन-वन घेऊन पुढे आला. तो तेव्हा खुशीत होता असं मला दिसलं. आता निकाल लागणार याची त्याला खात्री होती. यजमान गावचा गावकर, म्हणजे गावचा मानकरी, एक वयस्क गृहस्थ, मध्ये बसला होता. त्याने परवानगी दिली.

कॅसेट लागली. काकांचा आवाज सगळ्यांनी ओळखला. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. मग काकांचं बोलणं ऐकू आलं: बस, फुडचा आता नको.

"ऐकलाव?" समोरचा कवी म्हणाला. "आवाज बुवांचा हाय, कोन नाय म्हनतो? पन फुडचा येत नाय त्यांना. आमचा गाणा कुनाकडनं तरी ऐकला नि तालमीला घेतला. आमी काय रागावलाव नाय."

काकांना नावाचं कडवं येत होतं. ते उभ्या उभ्या म्हणू शकले असते. आमच्यातल्या एकाने तसं सुचवलंही. त्यावर समोरून उत्तर आलं की आता म्हटलं तर ते आता जोडलेलं. हे उत्तर बरोबर होतं.

गावकराने काकांना विचारलं, "बुवा, सभेत नाव आधी कुनाचा आला?"

काका म्हणाले, "त्यांचा."

"मग मी काय सांगू?"

"काय सांगू नका," काका म्हणाले आणि खाली बसले.

आपली पाळी त्यांनी सोडली नाही. आपल्याच मंडळात चालत आलेलं गुरूंचं एक जुनं पद म्हटलं. मुंबईहून आलेल्या माणसांनी कॅसेटवरून विहिरीच्या गाण्याची पावलं बसवली होती, जुन्याची त्यांना आठवत नव्हती. फेर दोनदा तुटला. दादा टू-इन-वन मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याचं झाकण उघडून मिटत होता.

कॅसेट कोणत्या वाटेने गेली हे कळायला वेळ लागला नाही. मुंबईच्या खोलीतला एक माणूस समोरच्या कवीच्या गावचा होता. गणपतीनंतर मी त्या कवीला जाऊन भेटलो. बातमीसाठी आलो आहे असं सांगितलं, आणि ते खरं होतं. त्याने चहा दिला आणि काही लपवलं नाही. गाणं मुंबईहून आलं, कुणाचं ते आणणाऱ्याला ठाऊक नव्हतं, त्याने विचारलं तेव्हा देणारा नुसता हसला, असं त्याने सांगितलं.

"नाव नव्हता त्याला," तो म्हणाला. "बेवारस गाणा. मी घर दिला. वाईट काय केला?"

काकांचा आवाज ओळखला नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला की कॅसेटीत सगळ्यांचेच आवाज सारखे वाटतात. हे खोटं होतं आणि ते त्यालाही माहीत होतं. मी ते लिहून घेतलं.

बातमी छापून आली नाही. संपादकांनी पुरावा विचारला. माझ्याकडे तीच कॅसेट होती. ती ऐकून त्यांनी तेच सांगितलं जे मांडवात सांगितलं गेलं होतं, फक्त अधिक शुद्ध भाषेत.

पुढच्या वर्षी एका छोट्या कंपनीने त्या कवीची कॅसेट काढली आणि ती रत्नागिरीच्या दुकानांत आली. आमच्या बाजूची जाखडी पहिल्यांदाच दुकानात मिळू लागली. विहिरीचं गाणं तिच्या पहिल्या बाजूला पहिलं होतं. दुकानदार ते बाहेरच्या भोंग्यावर लावत. दादाची इच्छा अशी पूर्ण झाली. एकदा तो माझ्याबरोबर बाजारातून जात असताना ते लागलं, आणि कॉलेजची दोन मुलं थांबून ऐकू लागली. एकाने दुसऱ्याला विचारलं, कुणाचं रे? दुसऱ्याने कॅसेटच्या वेष्टनावरचं नाव वाचून दाखवलं. दादा पुढे चालत राहिला.

त्यानंतर त्याने कॅसेट भरल्या नाहीत. टू-इन-वन कुणाला तरी दिला. म्हातारा, दोघे भाऊ आणि बाकी सगळे घरच्या माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात राहिले आणि एक-दोन पावसाळ्यांत फितींना बुरशी धरली. मी त्या मागितल्या होत्या. "कुनाला ऐकवायच्यात?" असं तो म्हणाला, आणि मी पुन्हा मागितल्या नाहीत.

काका त्याला काही बोलले नाहीत. घरातल्या माणसांना हे बोलण्यापेक्षा जड गेलं. सुट्टीत तो आला की ते त्याला गाडी वेळेवर होती का हे विचारत, जेवायला वाढायला सांगत, आणि परत जाताना दारापर्यंत येत. गाण्याचा विषय निघाला तर उठून गोठ्याकडे जात. काकूने एकदा नवऱ्याला सांगितलं की पोराला दोन शिव्या द्या आणि मोकळं करा. काका म्हणाले, शिवी कशाबद्दल देऊ, त्याने तर नाव कुणाला सांगितलंच नाही.

नवं गाणं त्यांनी केलं नाही. विहिरी खणत राहिले.

दशक संपत आलं तेव्हा समोरचं मंडळ फुटलं होतं आणि तो कवी मुंबईत स्थायिक झाला होता. आमच्या मंडळातली जाणती माणसं एका संध्याकाळी काकांकडे आली. मीही ओटीवर होतो, दादाही होता. त्यांचं म्हणणं असं की आता हरकत घेणारं कुणी उरलेलं नाही. विहिरीचं गाणं यंदा आपण म्हणू, काकांच्या नावाच्या कडव्यासकट म्हणू, आणि चार माणसांत एकदाचं ते ठरवून टाकू. बोलणारा वयाने मोठा होता आणि मनापासून बोलत होता. दादा काकांकडे बघत होता. गेल्या कित्येक वर्षांत त्याने वडिलांकडे असं सरळ बघितलेलं मला आठवत नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. चांगलं गाणं आहे, असं म्हणाले. मग म्हणाले, "पन दुसऱ्याचा गाणा आपन कधी म्हटला नाय. आता कशाला?"

मंडळी थोडा वेळ बसली, कोरा चहा घेतला आणि गेली. दादा त्यांना सोडायला पाणंदीपर्यंत गेला. परत यायला त्याला बराच वेळ लागला. काकांनी त्याच्यासाठी जेवण थांबवून ठेवलं होतं. दोघे शेजारी बसून जेवले.