टाकीवरची शनिवारची खबर

मला पोलिसांची भीती वाटते, उतारावर तापलेल्या ब्रेकची वाटते, आणि चेकपोस्टवर झोपमोड झालेल्या साहेबाची तर फारच वाटते. पण या सगळ्यांना एका बाजूला उभं केलं आणि दुसऱ्या बाजूला माझ्या पोरीच्या सातवीच्या बाईंना एकट्यांना उभं केलं, तर मी मुकाट्याने पोलिसांच्या बाजूला जाऊन उभा राहीन. बाईंना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटायचं नाही. बाई अंगाने एवढ्याशा. स्कूटीवर बसून घाट चढायला लागल्या की लांबून वाटावं, गाडी रिकामीच चाललीय. त्या मूळच्या श्रीरामपूरच्या, सपाट मुलखातल्या; वळण आलं की दोन्ही पाय जमिनीवर टेकवून गाडी चालवत नेत, म्हणजे खरं तर गाडीला सोबत घेऊन त्या चालतच घाट चढत. कधी कुणाच्या पोराला त्यांनी छडी लावली नाही, कधी कुणाला टाकून बोलल्या नाहीत. पण शनिवारी दुपार व्हायला आली की त्यांच्यामुळे आमच्या वर्गाचे पालक जिथे असतील तिथे घामाघूम व्हायचे.

मी ट्रक चालवतो. घर राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. शाळा सहावीत सुटली ती सुटलीच, आणि तेव्हापासून कधी कांदा तर कधी टोमॅटो घेऊन मंगळूर, कोचीन असा फिरतोय. घरी बायको, एकुलती एक आश्विनी आणि माझे थोरले भाऊ. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, आम्हीही तात्याच म्हणतो, आणि घरात तात्यांचा शब्द खाली पडत नाही. आता आमच्या धंद्यात घरून अवेळी फोन आला की पहिल्यांदा गाडी बाजूला घ्यायची आणि मग तो उचलायचा, असा नेम असतो. कारण चांगली बातमी रात्रीच्या मुक्कामापर्यंत थांबते. वाईट बातमीलाच तेवढी घाई असते. अशा माणसाच्या फोनवर भर दुपारी पोरीच्या शाळेतून आवाज यावा, आणि त्या आवाजाने सुरुवात कशी करावी? तर, "सातवीच्या पालकांनो, घाबरू नका."

दर शनिवारी हेच. सकाळची शाळा सुटली की बाई शाळेमागच्या पाण्याच्या टाकीकडे जात. आमच्या गावात घरी फोन लागतो तो तुटत तुटत; अखंड बोलता येईल एवढी रेंज येते ती त्या टाकीच्या लोखंडी शिडीवर, तीही मधल्या टप्प्यापर्यंत चढलं तर. तिथे एका हाताने शिडी धरून, दुसऱ्या हातात फोन धरून बाई पालकांच्या ग्रुपवर त्या आठवड्याची खबर बोलून टाकत. मागे वाऱ्याचा सूंसूं आवाज, मधेच एसटीचा हॉर्न, खाली पोरांचा कालवा. आणि पहिलं वाक्य ठरलेलं. ते ऐकलं की मला आश्विनी विहिरीत दिसायची, एसटीखाली दिसायची, साप चावलेली दिसायची. आणि पुढचं वाक्य यायचं, "या आठवड्यात आपण पूर्णांक संख्यांचा गुणाकार केला. ऋण गुणिले ऋण धन होतं. मुलांना ते अजून खरं वाटत नाही. तुम्हाला वाटतं का बघा." माझा जीव खाली येईपर्यंत बाई विज्ञानात पोचलेल्या असायच्या. मग मी ढाब्यावर चहा मागवून सगळं पहिल्यापासून ऐकायचो.

बरं, ऐकून गप्प बसायची सोय नव्हती. कुणी नुसता अंगठ्याचा शिक्का पाठवला की बाईंचा लगेच निरोप यायचा, अंगठा देणारे आपले आजे-पणजे होते, तुम्ही बोला. खबरीच्या शेवटी एक प्रश्न असायचा. तो आपण आपल्या लेकराला विचारायचा, लेकराने उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर पालकाने स्वतःच्या तोंडाने ग्रुपवर सांगायचं. म्हणजे आधी ते आपल्याला कळायला पाहिजे. त्या उत्तरांतली निवडक उत्तरं बाई सोमवारी वर्गात ऐकवत. या एका गोष्टीने माझी पुरती झोप उडवली होती. मी चुकलो तर माझी चूक माझ्या पोरीच्या वर्गात, तिच्या मैत्रिणींसमोर वाजणार. रात्री आश्विनीला फोन करून मी एकच उत्तर तिच्याकडून तीन-तीनदा म्हणवून घ्यायचो. ती वैतागायची. म्हणायची, "पप्पा, परीक्षा माझी हाय का तुमची?"

एकदा भूगोलात भरती-ओहोटी आली. डोंगरातली पोरं, त्यांनी भंडारदऱ्याचं पाणी पाहिलेलं, समुद्र कुणी पाहिलेला नाही. बाईंनी टाकीवरून जाहीर केलं, आपल्या वर्गाचा एकच पालक आत्ता समुद्राजवळ आहे, तो आपल्याला पाहून सांगेल. तो पालक मी. मंगळूरला कांदा उतरत होता. मी घाबरत घाबरत किनाऱ्यावर गेलो, पाणी कुठपर्यंत येतं त्याची खूण पाहिजे म्हणून दोन्ही चपला वाळूत रोवल्या आणि लांब जाऊन बसलो. एक मासेवाली बाई टोपली उतरवून माझ्याकडे बघत उभी राहिली. तिची भाषा मला येत नव्हती, पण वेड्याकडे कसं बघतात ते सगळ्या मुलखांत सारखंच असतं. जरा डोळा लागला तेवढ्यात एक चप्पल गेली. मी ग्रुपवर खरं ते सांगितलं: पाणी वाढतंय, एक चप्पल गेली, भरती असावी. बाईंचं उत्तर आलं, "निरीक्षण चांगलं आहे. दुसरी चप्पल तिथेच राहू द्या आणि पाणी मागे कधी फिरतं तेही बघा." मी अनवाणी बसून राहिलो. सोमवारी वर्गात माझा आवाज वाजला तेव्हा पोरं हसून हसून पडली म्हणे. पण भरतीचा धडा सातवीत कुणी चुकलं नाही. एका चपलेत काम झालं.

हे सगळं असलं तरी, मला जे हवं होतं ते बाई कधीच सांगत नसत. माझी आश्विनी कशी आहे? हुशार आहे की आपली यथातथाच? मी सुट्टीत आलो की शाळेत जाऊन हळूच विचारायचो. बाई चष्म्यावरून बघत. "वर्ग काय शिकला ते मी सांगते. त्यातलं तिने काय घेतलं ते तुम्ही तिला विचारून काढा. घरी मुलगी आहे, आणि बातमी माझ्याकडून कशाला हवी?" आता घरी मुलगी होती, पण मी कुठे घरी होतो? हे त्यांना बोलून दाखवायची हिंमत मला झाली नाही.

आणि हे कळणं मला फार जरुरीचं होतं. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीला राजूरला जायचं, एसटीने, घाटातून. तात्यांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं, "सातवी झाली की बास. पोरीची जात, रोज घाटानं येऊ-जाऊ करनार, कुनी सांगितलंय? बाप तिकडं कोचीनला." बायको फोनवर कुजबुजत मला म्हणायची, "तुमी बोला ना तात्यांशी." मी म्हणायचो बोलतो, आणि गाडी चालू करायचो. पोरीत खरंच काही आहे असं कुणी शहाण्या माणसाने एकदा सांगितलं असतं तर मी छाती काढून बोललो असतो. नाहीतर सहावीतून पळालेल्या माणसाने शाळेची बाजू घ्यायची, ती कोणत्या तोंडाने?

गंमत अशी की तात्या स्वतः बाईंच्या खबरीला चटावले होते. घरातला मोठ्या आवाजाचा फोन त्यांच्याकडे. शनिवारी ते टाकीच्या ओट्यावरच जाऊन बसत, म्हणजे खबर वरून बाईंच्या तोंडून एकदा आणि खाली फोनमधून एकदा, अशी दोनदा ऐकायला मिळे. मृदेच्या धड्यावरून तर त्यांनी बाईंशी खालूनच वाद घातला, की पुस्तकात आमच्या मातीचा रंग चुकीचा दिलाय. बाई शिडीवरून म्हणाल्या, मूठभर आणून द्या. तात्यांनी पाटीभर नेऊन दिली. पण आठवीचा विषय काढला की हेच तात्या बिडी पेटवून गप्प.

मग फेब्रुवारीतला एक शनिवार असा आला की खबर आलीच नाही. मी कोचीनच्या अलीकडे गाडी लावून बसलो होतो. दुपार टळली तरी फोन गप्प. दर शनिवारी 'घाबरू नका' ऐकून मी घाबरायचो, त्या दिवशी ते ऐकू आलं नाही म्हणून जास्तच घाबरलो. बाईंचा फोन लागेना, घरचा लागेना, तात्यांचा लागेना. ग्रुपवर बघतो तर सगळ्यांची तीच गत. नारायणगावला द्राक्षांवर गेलेला एक जण विचारतोय, शाळेचं छत तर नाही ना आलं खाली? नाशिकला बांधकामावर असलेली एक आई म्हणते, सहलीला तर नव्हतं ना नेलं पोरांना? कुणी म्हणे घाट, कुणी म्हणे बिबट्या. प्रत्येकाने आपापल्या उशाखालची भीती बाहेर काढून ग्रुपवर ठेवली. मी काहीच लिहिलं नाही. मला बाईंची स्कूटी आडवी पडलेली दिसत होती, आणि तिच्यामागे माझी पोरगी बसलेली दिसत होती. शाळेतून येता-जाता बाई कधीमधी तिला मागे बसवत, ते मला ठाऊक होतं. मी गाडीतून उतरलो, टायर तपासले, दोऱ्या तपासल्या, परत चढलो, परत उतरलो.

उन्हं कलल्यावर फोन वाजला. आवाज बाईंचा नव्हता.

"सातवीच्या पालकांनो, घाबरू नका. मी आश्विनी बोलतेय. बाई ठीक हाईत. वळनावर पाय मुरगाळला, म्हनून त्यांना शिडी चढता येत न्हाई. त्या खाली उभ्या हाईत."

खालून बाईंचा आवाज ऐकू आला, "दोन्ही हातांनी धर, दोन्ही हातांनी!" आणि माझी पोरगी म्हणाली, "बाई, मग फोन कशानं धरू?"

त्या शिडीवर माझी पोर लटकलेली आहे हे कळून मला पुन्हा नव्याने घाम फुटला. पण ती बोलत राहिली. त्या आठवड्यात गणितात व्यस्त प्रमाण झालं होतं: माणसं वाढली की कामाचे दिवस कमी होतात. माझ्या आश्विनीने ते पुस्तकातल्यासारखं सांगितलंच नाही. ती म्हणाली, "आमचे तात्या म्हनतात, आवणीला मानसं दुप्पट लावली तर भात निम्म्या दिवसांत लावून होतो. पन वाढलेली मानसं बांधावर बसून गप्पा मारनारी असली तर दिवस वाढतात. बाई म्हनल्या, तात्यांचं बरोबर हाय, पन गनितात बांध धरत न्हाईत." मग तिने प्रश्न विचारला, तोही स्वतः घातलेला, आणि सावकाश शिडी उतरल्याचा आवाज आला. मी पायऱ्या मोजत होतो. मला जे वर्षभर कुणी सांगत नव्हतं ते त्या शिडीवरून आलं. मी तो निरोप पहिल्यापासून पुन्हा लावला.

मग मे महिन्यात घरी यायचं झालं. तात्यांशी काय बोलायचं ते मी सगळा रस्ता घोकत आलो. पायऱ्या चढलो तर तात्या अंगणात बसलेले. मी बसायच्या आत म्हणाले, "पोरीचा दाखला काढून आनला शाळंतून."

 दाखला काढला म्हणजे शाळा संपली. घोकलेलं सगळं विसरलो. नुसतं "का?" एवढंच निघालं.

"का म्हंजी? राजूरच्या शाळंत द्यायला नको?" तात्यांनी बिडी विझवली. "म्या इचारून आलो. तितं शनिवारी कुनी काय सांगत न्हाई म्हनं. मंग आठवीत काय शिकिवत्यात ते मला कोन सांगनार? तुजी पोरगी जाईल आन येऊन सांगंल. घाटाचं म्हनशील तर एसटीपत्तुर म्या सोडीन."

बायको दारात उभी होती. ती आत गेली आणि चहात साखर घालायची ती भांडंभर घातली. तात्यांनी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.

त्याच महिन्यात बाईंची बदली झाली, पार त्यांच्या सपाट मुलखाकडे. मी निरोप द्यायला गेलो. त्या टाकीकडे बघत उभ्या होत्या. आभार मानायचे ते जमेना, म्हणून वर्षभर पोटात ठेवलेलं एकदाचं बोलून टाकलं, "बाई, एक सांगू का? तुमी 'घाबरू नका' म्हनायचा, त्यानंच आमी लई घाबरायचो."

बाई पहिल्यांदा चमकल्या, मग चष्मा काढून पुसत बसल्या. "अहो, ते तुम्हाला नव्हते म्हणत," त्या म्हणाल्या. "त्या शिडीवर चढलं की माझे पाय लटलट कापायचे. पहिलं वाक्य बोलल्याशिवाय दुसरं तोंडातून निघायचंच नाही."

आता आश्विनी आठवीत आहे. नव्या शाळेकडून पालकांना छापील सूचना येतात, फी, सुट्ट्या, गणवेश. त्यांत भिण्यासारखं काहीच नसतं. शनिवारी दुपारी मी अजूनही गाडी बाजूला घेतो. तात्या पोरीकडून खबर काढून घेतात, आणि मग टाकीच्या शिडीवर या वयात कसेबसे चढून मला फोन लावतात. पहिल्यांदा नुसता धापेचा आवाज येतो. मी इकडून म्हणतो, "तात्या, घाबरू नका," आणि मग ते सांगायला लागतात.