काकवीच्या वासाची जयाबाई

निपाणीच्या यमनाप्पांचा जन्म तंबाखूच्या वखारीत, विड्या ओढत गेला. म्हातारपणी पुतण्या रविराजनं परदेशातून पाईप आणि काळ्या व्हर्जिनिया तंबाखूचा डबा आणला. आप्पांनी विडीसारखा दणकून झुरका मारला आणि जीभ भाजून घेतली.

"आप्पा, चा फुरकतासा तसं दमानं वडा," रविराज म्हणाला.

दमानं ओढल्यावर तोंडात काकवी उतरली, मागून मनुके आले. आप्पांनी डोळे मिटले, तोवर पाईप विझला. पेटवला, पुन्हा विझला.

"तंबाखू वडतायसा का चूल पेटवतायसा?" बायको जयाबाई कडाडल्या. मग त्यांनी डबा हुंगला आणि मुकाट्यानं साड्यांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आता जयाबाई जवळून गेल्या, की आप्पा खोल श्वास घेतात. जयाबाईंना वाटतं, म्हातारा रंगात आलाय.